कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलल्याने गाडीची ताकद खरोखर वाढते का?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची, पुण्यात नोंदवलेली, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी गाडी आहे आणि ती आजवर १ लाख १४ हजार किलोमीटर चालली आहे. दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला जाणे होते. पूर्वी खंबाटकीचा घाट ही गाडी तिसऱ्या गिअरमध्ये साठच्या वेगाने सहज चढत असे. गेल्या तीन-चार महिन्यांपासून चाळीसवर आली की दम टाकते. इंजिनाचा आवाज चढतो, पण त्या मानाने गाडी ओढत नाही. ॲव्हरेजही १७ वरून १४ वर आले आहे.

त्यातच चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी०४२० हा कोड आला. तेथील मेस्त्रींचे म्हणणे असे की, कन्व्हर्टर (धुराच्या पाइपात बसवलेला, धूर स्वच्छ करणारा डबा) चोक झाला आहे आणि नवा टाकला की गाडी शोरूममधून काढल्यासारखी पळेल. त्यांनी तीन पर्याय दिले आहेत: कंपनीचा भाग ३८ हजार रुपयांना, बाजारातला वेल्डिंग करून बसवायचा ९ हजारांना, आणि जुनाच उघडून आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवायचा असेल तर दीड हजारात.

दोन वर्षांपूर्वी एक इग्निशन कॉइल गेली होती आणि कामाच्या गडबडीत मी महिना-दीड महिना मिसिंग मारणारी (एका सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणारी) गाडी तशीच चालवली होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. गेल्याच महिन्यात पीयूसी झाली, तीत कार्बन मोनॉक्साइड ०.२१ टक्के आणि हायड्रोकार्बन १४० पीपीएम आले, म्हणजे गाडी उत्तीर्ण आहे. ३८ हजार खर्च करण्यापूर्वी जाणकारांना विचारावे म्हणून हा धागा काढत आहे.

टॉर्करेंच

तुमच्या मेस्त्रींनी दोन वेगळे आजार एकाच नावाखाली घातले आहेत, आणि घोटाळा तिथेच आहे. कन्व्हर्टर निकामी होणे वेगळे आणि कन्व्हर्टर तुंबणे वेगळे. निकामी कन्व्हर्टरमधून धूर अगदी मोकळा वाहतो, फक्त तो स्वच्छ होत नाही. अशा गाडीच्या ताकदीत काडीचाही फरक पडत नाही. तुंबलेल्या कन्व्हर्टरमधून धूर बाहेरच पडू शकत नाही आणि मग इंजिन गुदमरते. पी०४२० हा कोड फक्त पहिल्या आजाराबद्दल बोलतो. त्या कोडवरून ‘चोक झाला आहे’ असे म्हणणे म्हणजे रक्तातली साखर पाहून गुडघ्याचे ऑपरेशन ठरवण्यासारखे आहे.

हा कोड कसा येतो ते थोडक्यात सांगतो. कन्व्हर्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. अलीकडच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांच्या दरम्यान सतत वर-खाली होत राहते, कारण गाडीतला संगणक पेट्रोलचे प्रमाण क्षणाक्षणाला किंचित कमी-जास्त करत असतो. कन्व्हर्टरच्या आतील लेपात सिरियम ऑक्साइड असते. धुरात प्राणवायू जास्त असला की ते साठवून ठेवते आणि कमी पडला की सोडते. त्यामुळे चांगल्या कन्व्हर्टरच्या पलीकडचा सेन्सर ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ रेष दाखवतो. लेप म्हातारा झाला की ही साठवण कमी होते, पलीकडची रेषही अलीकडच्यासारखी नाचू लागते आणि संगणक दिवा लावतो. या सगळ्यात दाब कुठेही मोजला जात नाही. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाच्या भारत स्टेज निकषांचा चौथा टप्पा) गाड्यांत ही देखरेख एप्रिल २०१३ पासून, म्हणजे ओबीडीचा (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखण्याच्या यंत्रणेचा) दुसरा टप्पा लागू झाल्यापासून आली. तुमची गाडी त्यानंतरची आहे, म्हणून दिवा तरी लागला.

सायलेन्सरच्या जोडावर किंवा मॅनिफोल्डच्या (इंजिनाला लागून असलेल्या धुराच्या नळ्यांच्या) गॅस्केटपाशी हवा गळत असली तरी हाच कोड येऊ शकतो. त्यामुळे ३८ हजारांपूर्वी दीडशे रुपयांचे गॅस्केट तपासावे.

मोकळा_रस्ता

इतका विचार कशाला करायचा? मी माझ्या २०११ च्या गाडीतली जाळी चार वर्षांपूर्वीच काढून टाकली. गाडी हलकी पळते, आवाजही दणदणीत झाला आणि पिकअपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपन्या सरकारच्या दबावाखाली इंजिनाच्या नाकात बोळा घालतात. तो काढला की झाले.

निवृत्त_मास्तर

‘जमीन-अस्मानाचा फरक’ या शब्दांवर थोडे थांबायला हवे, कारण हा फरक किती असू शकतो याचा हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्रात बसतो. तंत्रनिकेतनात तीस वर्षे शिकवल्याची खोड आहे, तेव्हा लांबण लागली तर क्षमस्व.

धूर बाहेर ढकलण्यासाठी पिस्टनला मागच्या दाबाविरुद्ध काम करावे लागते. १.२ लिटरचे, म्हणजे ०.००१२ घनमीटरचे चार फटक्यांचे (फोर-स्ट्रोक) इंजिन ६,००० आरपीएमवर चालत असेल, तर ते दर सेकंदाला ५० वेळा आपले संपूर्ण आकारमान रिकामे करते. धडधाकट कन्व्हर्टरमुळे पूर्ण भारावर १० किलोपास्कल जादा दाब येतो असे धरू. मग १०,००० गुणिले ०.००१२ गुणिले ५० बरोबर ६०० वॅट, म्हणजे पाऊण अश्वशक्तीच्या थोडेसे वर. इंजिन ८० अश्वशक्तीचे असेल तर हा सुमारे एक टक्का झाला. सिलिंडरमध्ये थोडा जुना धूर मागे राहतो, त्यामुळे आणखी एखाद-दुसरा टक्का जाईल. तोही पूर्ण फेऱ्यांवर, पूर्ण पाय दाबलेला असताना. शहरात आपण २,००० आरपीएमवर पाव पाय दाबून चालवतो तेव्हा धुराचा प्रवाह इतका कमी असतो की फरक शोधूनही सापडणार नाही. मागच्या सीटवर एक माणूस जास्त बसला तर याहून अधिक फरक पडतो.

आता तुंबलेल्या कन्व्हर्टरचा हिशेब करू. तिथे हाच दाब ७० किलोपास्कलवर गेला तर नुसत्या ढकलण्यातच ४.२ किलोवॅट, म्हणजे साडेपाच अश्वशक्तीहून अधिक ताकद जाते. त्याहून मोठे नुकसान असे की, जळलेला धूर सिलिंडरमध्येच अडकतो, ताज्या मिश्रणाला जागा उरत नाही आणि इंजिन फेरेच घेईनासे होते. अशा गाडीचा कन्व्हर्टर बदलला की मालकाला गाडीला पंख फुटल्यासारखे वाटते. ‘बदलल्यावर ताकद वाढली’ ही जी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, तिचा उगम इथे आहे. प्रत्यक्षात ताकद वाढलेली नसते, हरवलेली परत मिळालेली असते.

‘नाकात बोळा’ या समजालाही इतिहास आहे. युजीन हुद्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत १९५० च्या दशकात मोटारींसाठी कन्व्हर्टर तयार केला, पण पेट्रोलमधल्या शिशामुळे त्यातील उत्प्रेरक विषबाधा झाल्यासारखा मरत असे. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून तो सर्रास आला, तेव्हा काही कंपन्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीऐवजी लेप दिलेल्या गोळ्यांनी भरलेला डबा वापरत आणि त्यातून धूर खरोखरच कष्टाने जाई. त्याच सुमारास कमी ऑक्टेनच्या शिसेविरहित पेट्रोलासाठी इंजिनांचे कॉम्प्रेशनही उतरवले गेले. ताकद घटली ती या सगळ्यामुळे, पण बिल फाडले गेले एकट्या कन्व्हर्टरच्या नावाने. आजची जाळी चौरस इंचाला ४०० किंवा त्याहून अधिक छिद्रांची असते, तिच्या भिंती कागदासारख्या पातळ असतात आणि इंजिनाची सारी जुळवणी ती आहे हे धरूनच केलेली असते.

आपल्याकडे तो १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला. देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते फेब्रुवारी २००० पासून. मधल्या काळात मुंबईची गाडी घेऊन गावी निघताना आम्ही टाकी गळ्यापर्यंत भरून घेत असू आणि वाटेत प्रत्येक पंपावर ‘अनलेडेड आहे का’ असे विचारत जात असू.

मोकळा_रस्ता

मास्तर, हिशेब मान्य आहे, पण माझी गाडी हलकी झाल्याचे मला स्वतःला जाणवते, त्याचे काय?

टॉर्करेंच

आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. चौथ्या गिअरमध्ये ४० ते ८० व्हायला किती सेकंद लागतात हे जाळी काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर घड्याळ लावून मोजले होते का? ‘थोडा बॅकप्रेशर इंजिनाला लागतोच’ असे सांगणारे उलट्या टोकाचे लोकही भेटतात, तेही तितकेच चूक. इंजिनाला दाब नको असतो. पाइपातून धूर ठरावीक वेगाने पळायला हवा असतो, म्हणजे त्याच्या मागे तयार होणाऱ्या खेचेने सिलिंडर नीट रिकामा होतो. भलताच रुंद पाइप घातला की कमी फेऱ्यांवर ही खेच जाते आणि शहरात गाडी उलट सुस्त होते. टर्बो गाड्यांचे गणित थोडे वेगळे असते, तिथे मोकळ्या कन्व्हर्टरने आणि संगणकाच्या नव्या जुळवणीने मोजण्याजोगा फरक पडतो. १.२ लिटरच्या साध्या इंजिनात पडत नाही.

आणि कायद्याचेही सांगून ठेवतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीत परवानगीशिवाय फेरफार केल्याबद्दल कलम १८२-अ(४) खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. धागाकर्त्यांच्या तिसऱ्या पर्यायाची किंमत दीड हजार नाही.

पंचगंगेकाठची

माझा अनुभव तुंबलेल्या कन्व्हर्टरचा आहे, म्हणून लिहिते. आमच्या २००९ च्या गाडीत लक्षणे अगदी चोख होती. सकाळी गार इंजिनावर गाडी बरी चाले. शहरातल्या वेगाला काही त्रास नसे. महामार्गावर मात्र काटा ३,००० च्या वर जायलाच तयार नसे. कितीही पाय दाबला तरी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे वाटे. एकदा रात्री कागलहून परत येताना गाडी थांबवून वाकून पाहिले, तर खालचा डबा अंधारात मंद लालसर दिसत होता. ते पाहून माझी पाचावर धारण बसली.

नवा कन्व्हर्टर टाकला आणि गाडी खरोखर तीन वर्षांनी तरुण झाली. आमचा आनंद आठ महिने टिकला. नंतर पुन्हा तेच दुखणे सुरू झाले. दुसऱ्यांदा दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो, तिथल्या मेस्त्रींनी काहीही उघडण्याआधी विचारले, ‘ताई, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल किती टाकता?’ आम्ही दर दोन हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर टाकत होतो आणि जुन्या गाडीचे हे चालायचेच असे समजत होतो. व्हॉल्व्हचे सील आणि रिंगा गेल्या होत्या. ऑइल जळून त्यातला फॉस्फरस आणि जस्त जाळीवर बसत होते आणि त्यावर काजळी चढत होती. पहिल्या मेस्त्रींनी आग रामेश्वरी असताना बंब सोमेश्वरी नेला होता, आणि त्याचे पैसे आम्ही दोनदा भरले.

काढलेली जाळी मी मागून घेतली, अजून घरी आहे. एका बाजूने पाहिले तर मधाच्या पोळ्यासारखी नीटस, चौकोनी छिद्रे आरपार दिसतात. दुसऱ्या बाजूला, जिथून धूर आत येतो तिथे, मधला तळहाताएवढा भाग वितळून काचेसारखा चकाकतो आणि तिथे एकही छिद्र उरलेले नाही. ही भाजक्या मातीची वस्तू वितळायला किती आच लागत असेल याचा विचार करत मी बराच वेळ ती हातात धरून बसले होते.

निवृत्त_मास्तर

कॉर्डिएराइट नावाचे हे सिरॅमिक १,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. एरवी आत ४०० ते ८०० अंश असतात. न जळलेले पेट्रोल आत शिरले की ते जाळीतच पेटते आणि तापमान भडकते. म्हणूनच मिसिंग मारणारी गाडी चालवू नये असे सांगतात. धागाकर्त्यांनी ती दीड महिना चालवली, तेवढ्यात लेपावरचे प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे सूक्ष्म कण तापून एकमेकांना चिकटले असतील; कण मोठे झाले की त्यांचे पृष्ठफळ कमी होते आणि काम करण्याची क्षमता घटते. त्यांच्या पी०४२० चे मूळ बहुधा तिथे आहे. पण जाळी वितळून छिद्रे बुजली आहेत का, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

सॅनहोजेकर

इकडे कॅलिफोर्नियात बाहेरचा कन्व्हर्टर बसवायचा तर त्यावर राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाने दिलेला मंजुरी क्रमांक कोरलेला असावा लागतो, नाहीतर तपासणीत गाडी नापास होते. अमेरिकेत मूळ कन्व्हर्टरला कायद्यानेच ८ वर्षे किंवा ८० हजार मैलांची हमी आहे. मी एका जुन्या गाडीला दुसऱ्या राज्यातून आणलेला स्वस्तातला बसवण्याचा शहाणपणा केला होता. त्यात मौल्यवान धातू कमी असतात. गाडी छान पळत होती, पण वर्ष पुरे व्हायच्या आत तोच दिवा, तोच कोड. तुमचा ९ हजारांचा पर्याय याच जातीचा असण्याची शक्यता मोठी आहे.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. मोजायचे कसे, तेवढे कोणी सविस्तर सांगेल का? शिवाय बाजारात कन्व्हर्टर साफ करण्याची बाटली मिळते, पेट्रोलात ओतायची; तिचा उपयोग होतो का?

टॉर्करेंच

बाटलीने इंजेक्टर थोडेफार साफ होतात. वितळलेली माती किंवा चिकटलेले प्लॅटिनम बाटलीने पूर्ववत होत नाही. फक्त काजळी धरली असेल तर गाडी अर्धा तास महामार्गावर चढ्या फेऱ्यांवर चालवल्याने जे होते तेवढेच होईल, आणि ते फुकट आहे.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. इंजिन कोमट असताना अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढावा. आदल्या रात्री त्याच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि बावीसचा पाना वापरावा. उगाच जोर केला तर मॅनिफोल्डचे आटे जातात आणि नवेच लचांड मागे लागते. सेन्सरच्या जागी १८ मिलिमीटर आट्यांचा जोडनळा घालून त्याला कमी दाबाचे मीटर लावावे. टायरचे मीटर इथे निरुपयोगी आहे, कारण त्याचा काटा जिथून हलायला लागतो त्याच्या आतच आपला सगळा कारभार आहे. गाडी न्यूट्रलवर उभी असताना दाब सव्वा पीएसआयच्या आत असावा आणि २,५०० आरपीएमवर तीनच्या वर जाऊ नये. ज्यांच्या टायरमध्ये बत्तीस-तेहतीस पीएसआय हवा असते त्यांना तीन हा आकडा किरकोळ वाटेल. पण तो पार्किंगमध्ये उभ्या गाडीचा आहे, घाटात पूर्ण भारावर तोच कित्येक पट होतो.

मीटर मिळाले नाही तर इन्टेकला व्हॅक्यूम गेज लावून २,५०० आरपीएम धरून ठेवावेत. काटा स्थिर राहिला तर मार्ग मोकळा आहे, हळूहळू घसरत गेला तर मागे तुंबले आहे. रबरी हातोडीने डब्यावर हलकेच टकटक करून पाहणेही सोपे आहे. आत खुळखुळा वाजला तर जाळी सुटली आहे. स्पीडब्रेकरवर खालून आपटलेल्या गाड्यांत ते बरेचदा दिसते.

पंचगंगेकाठची

माझी एक शंका आहे. धागाकर्त्यांनी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहिले आहे की ‘इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी ओढत नाही’. माझ्या गाडीत आवाज चढतच नव्हता, हेच तर दुखणे होते. गुदमरलेले इंजिन फेरे घेणार कसे? घाटात आरपीएमचा काटा नेमका काय करतो, हे त्यांनी पाहिले आहे का?

निवृत्त_मास्तर

वा! इतका वेळ आम्ही सगळे कन्व्हर्टरच्या पोटात शिरून बसलो होतो आणि प्रश्न दारातच उभा होता. एका गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि चाकांचा वेग यांचे प्रमाण दातांनी बांधलेले असते. ते प्रमाण सुटण्याची गाडीत एकच जागा आहे: क्लच.

घाटमाथा

काल शनिवारी मुद्दाम सौभाग्यवतींना शेजारी बसवून आकडे वाचायला सांगितले. शिरवळच्या पुढे सपाटीवर तिसऱ्या गिअरमध्ये ५५ च्या वेगाला काटा बरोबर ३,००० वर होता. घाटात ४५ च्या वेगाने चाललो असताना पाय दाबला, तर काटा २,४०० वरून एकदम ३,००० वर उडाला आणि वेग जागच्या जागी राहिला. पाय थोडा उचलल्यावर काटा पुन्हा खाली आला. वरच्या वळणावर जळका वास आला. तो वास गेले दोन महिने येत होता आणि मी तो कन्व्हर्टरचा समजत होतो.

आज सकाळी एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये दाबही मोजला. न्यूट्रलवर ०.४ पीएसआय आणि २,५०० आरपीएमवर १.१. व्हॅक्यूमचा काटा पूर्ण मिनिटभर हलला नाही. नंतर मित्राने हँडब्रेक घट्ट ओढून, चौथा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला. इंजिन ताबडतोब बंद पडायला हवे होते. ते तीन-चार सेकंद तसेच गुरगुरत राहिले.

टॉर्करेंच

संपले. क्लच प्लेट गेली आहे. कन्व्हर्टर मोकळा आहे, फक्त म्हातारा झाला आहे. ३८ हजारांचा कन्व्हर्टर टाकून तुम्ही खंबाटकी चढायला गेला असता, तर दिवा विझला असता आणि गाडी चाळीसवरच राहिली असती.

ॲव्हरेजचा मोठा भागही घसरणाऱ्या क्लचमध्येच जात असणार. थोडा भाग पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलचाही धरा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, ज्या चारचाकी गाड्या मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलासाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी जुळवल्या आहेत, त्यांचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणाने ६ ते ७ टक्के घटण्याचा अंदाज दिला होता. १७ मधला एक किलोमीटर तिथे गेला असे समजा. तो परत येणार नाही.

घाटमाथा

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मिळून मजुरीसह साडेनऊ हजार झाले. जुनी प्लेट पाहिली. अस्तर इतके झिजले होते की रिव्हेटची डोकी वर आली होती आणि प्रेशर प्लेटवर त्यांचे गोल चरे उमटले होते. काल खंबाटकी तिसऱ्यात, चार माणसे आणि सामान घेऊन, साठने चढलो. दिवा अर्थातच अजून लागलेला आहे. पीयूसी उत्तीर्ण असल्याने त्याकडे दुर्लक्ष करावे, असा एक मोह होतो, तो लपवत नाही.

निवृत्त_मास्तर

पीयूसी उभ्या गाडीवर होते. बीएस-४ गाडीला त्यात, इंजिन नुसते सुरू असताना, ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि २०० पीपीएम हायड्रोकार्बन अशी मर्यादा आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मोजलीच जात नाहीत. तुमचे आकडे मर्यादेच्या आत आहेत, पण चांगल्या कन्व्हर्टरच्या गाडीत ते शून्याच्या जवळ असतात. घाटात चढताना जे बाहेर पडते ते कोणत्याही कागदावर येत नाही. शिवाय हा दिवा कायम जळत राहिला तर उद्या एखादी कॉइल पुन्हा गेल्यावर तुम्हाला कळणार कसे?

आधी मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि जोड गळत नाहीत ना, हे धुराने तपासून घ्या. चारही कॉइल आणि प्लग पाहा. ते सगळे ठीक असेल आणि पलीकडच्या सेन्सरची रेष नाचतच असेल, तर कन्व्हर्टर बदला. मात्र ताकदीच्या आशेने नव्हे.

घाटमाथा

गॅस्केट ठीक निघाले, रेष नाचते आहे. चालू महिन्याचे बजेट क्लचमध्ये गेले, म्हणून पुढच्या महिन्यात कंपनीचाच भाग घेणार आहे. मागवून ठेवला आहे.

सॅनहोजेकर

बसवताना जुना परत मागून घ्या, विसरू नका. इकडे लोक रात्री गाडीखाली शिरून करवतीने कापून नेतात ते त्यातल्या धातूंसाठीच. २०२१ साली ऱ्होडियमचा भाव औंसाला २५ हजार डॉलरच्या वर गेला होता, त्यानंतर तो पुष्कळ उतरला.

टॉर्करेंच

आपल्याकडेही इको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जात होते, ते त्याच कारणाने. घाटमाथा, मेस्त्रींनी ‘जुना आम्ही टाकून देतो’ असे म्हटले तर गोड हसून ‘राहू द्या, डिकीत जागा आहे’ म्हणा. अधिकृत भंगारवाल्याकडे वजन आणि नमुना दाखवून दोन ठिकाणी भाव विचारा. बिलात त्याची वजावट मिळाली तर उत्तमच, पण ती रक्कम काम सुरू होण्याआधी लिहून घ्या.